दुसरी लाइन

मी खुंट्या ठोकते, तेवढंच माझं काम.
टोकाला गुलाबी रंग, दर वीस मीटरला एक.
वेल्समधल्या ह्या दरीत, क्वम हेस्गेनला,
नदी आणि लाइन यांच्यामध्ये
जेमतेम जी पट्टी उरलीय, तिच्यात.
कागदावर लिहिलंय : दुहेरीकरण, टप्पा दोन.
दोन नवी स्टेशनं, लांब फलाट, वर विजेची तार.

नवं काय त्यात?
फावडं मारलं की हातभर खाली खडी लागते,
काळी, कोळशाच्या दिवसांतली,
अजून घट्ट दबलेली.
ही लाइन दुहेरीच होती.
खाणी मिटल्या, मालगाड्या आटल्या,
मग एका हिवाळ्यात दुसरी लाइन उपटून नेली.
उपटणाऱ्यांत माझे आजोबा, इडवल.
"दिवसाला ऐंशी यार्ड," ते सांगतात,
"आणि मजुरी बसवण्याइतकीच."

गुएनलिअनबाईंच्या परसात
माझी खुंटी रुबार्बच्या वाफ्यात गेली.
त्यांनी चहा दिला. बराच वेळ चमचा फिरवत राहिल्या.
"पन्नास वर्षं रेल्वेच्या जमिनीवर घेवडा लावला,
भाडं मागायला कुणी फिरकलं नाही.
आलीस ती तू."
तू.
आमच्या दरीत लाइन एकेरी आणि हाकही एकेरी.
दुहेरी झाल्यावर लोक एकमेकांना
अहो-जाहो करतील की काय, कोण जाणे.

सात सत्तावन्नची गाडी पंत-अर-ओनच्या लूपवर थांबते,
खालची वर येईपर्यंत. चार मिनिटं.
गाडीला गाडी, काचेला काच.
पलीकडे रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स,
बूट काढून, पाय समोरच्या सीटवर.
अलीकडे शाळेचा एक मुलगा.
तो वही काचेला लावतो, मोठ्या अक्षरात गणित.
ती मान हलवते : बरोबर.
किंवा बोट फिरवते : पुन्हा कर.
दोन वर्षं चाललंय. नावं माहीत नसावीत.

माझ्या अहवालात त्याचा एक रकाना आहे :
प्रतीक्षा, चार मिनिटं, वाया.
मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.
आणि खोटं नाही लिहिलेलं.
ह्याच चार मिनिटांपायी मेरेरीदची पुढची बस चुकायची,
महिन्यात तिसऱ्यांदा चुकली तेव्हा नोकरी गेली.
तिला जाऊन सांगू का वहीचं आणि काचेचं?
पुढच्या वर्षी त्या दोन गाड्या
एकमेकींना ओलांडतील पूर्ण वेगात,
एक धडाका, पापणी लवायच्या आत.
मुलगा तोवर बीजगणितात गेलेला असेल.
जमेल त्याला. जमेलही.

पहिला रूळ जोडला त्या दिवशी आजोबा आले.
एका हातात काठी, दुसऱ्यात बाजाराची पिशवी,
पिशवी खांद्याला खाली ओढणारी.
आत रुळाची जुनी लोखंडी बैठक.
त्या हिवाळ्यात उपटताना एक घरी आणलेली,
तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दाराला अडण म्हणून.
मुकादम बोगदानपुढे त्यांनी ती धरली.
"ही तुमची. राहिली होती माझ्याकडे."

बोगदाननं दोन्ही हातांनी घेतली, वजन जोखलं.
"आता असली बसत नाही, आजोबा,"
म्हणाला, पण परत दिली नाही.
विजेच्या खांबाच्या पायथ्याशी, नव्या खडीवर,
नीट सरळ करून ठेवली.

रात्री वारा सुटला.
स्वयंपाकघराचं दार आपटत राहिलं, उघडत राहिलं.
मी वरच्या खोलीत, ते खालच्या.
दोघंही जागे होतो.
अडणीला दुसरं काहीतरी लावायला
कुणीच उठलं नाही.